अलकनंदाबाईंची सहा मिनिटं

फरीदाबादच्या सेक्टर सोळामध्ये टिपणिसांच्या घरात तीन घड्याळं होती आणि तिन्ही बाहेरच्या खोल्यांत. स्वयंपाकघराला घड्याळ कधी लागलंच नाही. तिथं अलकनंदाबाईंचे पाढे चालत.

अलकनंदाबाईंचे वडील सातारा जिल्ह्यात मास्तर. त्यांनी मुलीकडून बे ते तीस इतके घोटून घेतले होते की पोर झोपेत कुशीवर वळली तरी एका पाढ्यावरून दुसऱ्या पाढ्यावर जायची. लग्न होऊन ती इतक्या लांब, केंद्र सरकारच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा माहेराहून तिनं आणलं काय, तर एक पितळी मोदकपात्र आणि हे पाढे. पात्राला तीनदा कल्हई लागली. पाढ्यांना काहीच लागलं नाही. अंडं अर्धकच्चं हवं तर बेपासून अकरापर्यंत, पक्कं हवं तर पंचविसापर्यंत. दूध पातेल्याच्या काठाशी येई ते एकोणीस सातेला, आणि एकोणीस आठेला उतू जाई, म्हणून हात साताच्या आधीच बटणावर. आणि अळूवडीचे उंडे उकडायचे असले की बेपासून तिसापर्यंत वर चढायचं आणि तिसापासून बेपर्यंत खाली उतरायचं. अठ्ठावन्न पाढे. पंचवीस मिनिटं.

ही पंचवीस मिनिटं सगळ्या फरीदाबादला ठाऊक होती, कारण अण्णासाहेब ती सगळ्यांना सांगत. अण्णासाहेब म्हणजे अलकनंदाबाईंचे यजमान. जन्मभर सरकारी नोकरी केली आणि जन्मभर गोष्टी सांगितल्या. कुठल्याशा जानेवारीत यमुना गोठली आणि ते सायकलवरून पलीकडे गेले, वर मधोमध थांबून पंक्चर काढलं, हे ते इतक्या मन लावून सांगत की ऐकणारा विचारायचा, "पंप कुठून आणला?" महाराष्ट्र मंडळात कुणी अळूवडीला हात घातला की अण्णासाहेब सुरू होत. "आमच्या हिच्या पाढ्यांवर घड्याळ लावा हो! पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस. मी स्वतः मोजलंय, एकदा नाही, तीनदा."

तर अशा या घरात एका सोमवारी संध्याकाळी सूनबाई एक टायमर घेऊन आल्या.

वृंदा गुरुग्रामला एका ऑनलाइन दुकानाच्या कचेरीत होती. स्वयंपाकघरातल्या वस्तू विकायच्या आधी त्या तपासून घेणं हे तिचं काम. नवरा, म्हणजे टिपणिसांचा अविनाश, महिनाभर टूरवर होता. वृंदा जन्माची दिल्लीची. मराठी बोले, पण मराठीचा धागा संपला की बिनदिक्कत हिंदीची गाठ मारून पुढे जाई.

"आई, प्लीज, माझं एक काम करा ना यार. हे वापरून बघायचंय. पासष्टच्या वरचा टेस्टर पाहिजे, आणि मला तुमच्याहून पक्का टेस्टर कुठे मिळणार?"

टायमर तळहाताएवढा, पांढरा, मागे लोहचुंबक. फ्रिजला लावला की खटकन चिकटे. तीन बटणं: मिनिटं, सेकंद आणि चालू-बंद. मिनिटं लावून सोडलं की आकडे उलटे उतरत, शून्यावर आले की तो ओरडे. शून्यापासून सुरू केला तर सरळ वर मोजी. सोबत एक फॉर्म होता, अकरा प्रश्नांचा. आकडे लांबून वाचता येतात का, ओल्या हातानं बटण दाबलं जातं का, आवाज ऐकू जातो का, वेळ बरोबर दाखवतो का.

"मला काय करायचंय याचं?" अलकनंदाबाई म्हणाल्या.

"आठवडाभर वापरा. रोज थोडं थोडं. आणि खरं खरं सांगा, माझी कंपनी म्हणून गोड गोड बोलू नका."

"गोड बोलायची सवय या घरात एकाच माणसाला आहे," असं म्हणून त्यांनी बाहेर पेपरमागे बसलेल्या अण्णासाहेबांकडे पाहिलं. पेपर हलला नाही.

मंगळवारी सकाळी भाजीवाल्याकडे अळूची ताजी पानं आली होती. रविवारी मंडळाचं श्रावणातलं जेवण, साठ माणसांच्या अळूवड्या ठरल्याप्रमाणे अलकनंदाबाईंकडे. त्यांनी रंगीत तालीम म्हणून चार उंडे केले. बेसन लावलं, पानावर पान रचलं, गुंडाळलं, पात्रात ठेवलं. पाण्याला आधण आलं तसं झाकण घातलं आणि टायमर शून्यापासून सुरू करून फ्रिजकडे पाठ केली. बे एके बे. हात खोबरं खवत होते, ओठ हलत होते. तिसापर्यंत चढल्या, तिसावरून उतरल्या, बे दाहे वीस म्हणून गॅस बंद केला आणि मजेत वळून पाहिलं.

एकोणीस मिनिटं.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एकोणीस मिनिटं आणि दोन सेकंद, आणि तिसरा सेकंद त्यांच्या डोळ्यांदेखत पडला.

सहा मिनिटं गेली कुठं?

मास्तरांची मुलगी. हिशेब डोक्यात आपोआप झाला, थांबवूनही थांबला नाही. पंचवीस मिनिटांत अठ्ठावन्न पाढे, म्हणजे एका पाढ्याला सव्वीस सेकंद. सहा मिनिटांत किती? चौदा. चौदा पाढे आपण म्हटलेच नाहीत. आणि म्हटले नाहीत हे आपल्याला कळलंही नाही.

खोबऱ्याची वाटी त्यांनी ओट्यावर ठेवली तर ती वाजली.

या भीतीला एक नाव होतं आणि ते नाव गुरुग्रामला सतराव्या मजल्यावर राहत होतं. चंद्रप्रभाताई. अलकनंदाबाईंची थोरली बहीण. ताईचंही असंच सुरू झालं होतं; आधी स्वेटरचे टाके चुकले, मग आमटीला दोनदा मीठ, मग एके दिवशी गॅस चालू ठेवून ताई खाली बागेत जाऊन बसली. तिच्या मुलानं काय करावं? शेगडीची बटणं उपसून काढली आणि ऑफिसच्या बॅगेत टाकून रोज बरोबर नेऊ लागला. अलकनंदाबाई शेवटच्या भेटीत चहा करायला म्हणून आत गेल्या, तर शेगडीवर नुसत्या चार लोखंडी खुंट्या. ताई मागून म्हणाली, "अलके, यांना धरून फिरवून बघ, मी रोज बघते. फिरत नाहीत गं." त्या दिवसापासून अलकनंदाबाई गुरुग्रामला गेल्या नव्हत्या. मेट्रो बदलावी लागते, गुडघे दुखतात, असं सांगत.

त्यांनी उंड्याची एक चकती कापून तोंडात टाकली. अर्धवट उकडलेला अळू घशाला खाजतो, हे कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. घसा खाजला. खाजला का? त्या पाणी प्यायल्या. आता नक्की खाजला. त्यांनी अण्णासाहेबांना बशी नेऊन दिली आणि समोर उभ्या राहिल्या.

"कसं लागतंय?"

"वा!"

"घशाला काही?"

"घशाला काय व्हायचंय? तो अजून मागतोय." अण्णासाहेबांनी अकरा चकत्या खाल्ल्या. पण त्यांच्या घशावर भरवसा कोण ठेवणार? त्यानं आजवर काय काय बाहेर सोडलं होतं!

बुधवारपासून अलकनंदाबाईंनी त्या टायमरची जी परीक्षा घेतली, तशी दिल्लीच्या कुठल्या सरकारी प्रयोगशाळेनं कुठल्या यंत्राची घेतली नसेल. त्यांना तो खोटा ठरायला हवा होता. त्या मनोभावे प्रार्थना करत होत्या की हा चोर निघू दे. रेडिओवरच्या बातम्यांच्या टोल्याशी तो लावून पाहिला. बरोबर. टीव्हीच्या कोपऱ्यातल्या वेळेशी पाहिला. बरोबर. मोबाइलशी पाहिला, बाहेरच्या तिन्ही घड्याळांशी पाहिला. तेव्हा तिन्ही घड्याळं एकमेकांच्या पुढेमागे आहेत असं निघालं, आणि हा आपला मोबाइलच्या खांद्याला खांदा लावून चाललेला. वाफेवर धरला. फ्रिजमध्ये, दह्याशेजारी तासभर ठेवला. उलटा टांगला. फ्रिजमधून तो कुडकुडत बाहेर आला आणि पुन्हा बरोबर साठाव्या मिनिटाला शून्यावर येऊन इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरच्या सरदारजींनी आपला कुकर बंद केला.

संध्याकाळी वृंदा फॉर्म घेऊन बसली.

"प्रश्न सातवा. वेळ बरोबर दाखवतो?"

"दाखवतो," अलकनंदाबाई म्हणाल्या. आवाज असा, जसं कुणी कोर्टात कबुली देतंय.

"पूर्ण बरोबर?"

"मेला एक सेकंद हलत नाही."

"अरे वा! आई, तुम्ही तर मस्त टेस्टर आहात." वृंदानं खूण केली आणि आठव्या प्रश्नाकडे वळली. सासूच्या चेहऱ्याकडे पाहायचं तेवढं राहून गेलं.

बुधवारी पाढ्यांना अठरा मिनिटं आणि पंचावन्न सेकंद लागले. गुरुवारी एकोणीस मिनिटं आणि सात सेकंद. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर, कुणी पाहणार नाही असे, बारीक अक्षरांत आकडे लिहिले. रोजचा चोर रोज तेवढंच नेत होता.

मग राजम्याचे अठ्ठावन्न दाणे मोजून घेतले. एक पाढा झाला की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. एकदा केलं तर शेवटी एक दाणा उरला. दुसऱ्यांदा दाणे संपले आणि बेचा पाढा उरला. तिसऱ्यांदा बरोबर आलं, पण तोवर त्यांचा दाण्यांवरचा विश्वास उडाला होता, बोटांवरचा उडाला होता, आणि ज्या डोक्यावर सगळं चाललं होतं त्याच्याबद्दल तर विचारायलाच नको. दाणा सरकवला तेव्हा खरंच पाढा म्हटला होता की नुसताच दाणा सरकवला? हे कोण सांगणार?

कुणीतरी ऐकायला हवं होतं. पण ज्याला ऐकवायचं त्याला कळणार. आणि कळलं की खुंट्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मन घट्ट केलं आणि अण्णासाहेबांना स्टुलावर बसवलं.

"अहो, मी पाढे म्हणते. मोठ्यानं. चुकलं तर सांगायचं."

"तू आणि चुकणार? अगं, मला औटकीपर्यंत पाठ आहेत, पण तुझ्यापुढे मीसुद्धा..."

"ऐका नुसतं."

त्या म्हणू लागल्या. अण्णासाहेब डोळे मिटून, मान डोलवत, मैफलीला बसावं तसे ऐकत होते. बाराचा झाला, अठराचा झाला. कुठंच अडवेनात, तेव्हा अलकनंदाबाईंच्या मनात एक शंका आली. त्यांनी मुद्दाम म्हटलं, "तेवीस साते एकशे अडुसष्ट."

"वा," अण्णासाहेब म्हणाले.

"तेवीस आठे तीनशे चार."

"क्या बात है!"

अलकनंदाबाई थांबल्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना हे आज कळत होतं. ह्या माणसाला पाढे येत नव्हते. साडेतिनाची ती औटकी तर सोडाच, तेविसाचासुद्धा येत नव्हता. एरवी त्यांनी या शोधाचा आठवडाभर समाचार घेतला असता. आज त्यांना भांडायलाही बळ नव्हतं. साक्षीदार म्हणून एकच माणूस हाताशी होता, आणि तोही असा निघाला.

"का थांबलीस?"

"भाजी करायची आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पाढ्यांना रजा दिली. टायमरवर पंचवीस मिनिटं लावली, उंडे पात्रात ठेवले आणि मुकाट बसून राहिल्या. ओठ हलवायचे नाहीत. पंचवीस मिनिटांनी तो ओरडला आणि त्यांनी झाकण काढलं. उंडे फुगून सैल झाले होते, पानं सुटून आली होती. सुरी लावली तर चकती पडायच्या ऐवजी पसरली. घास घेतल्यावर अण्णासाहेबांनीसुद्धा तोंड थांबवलं.

"आज काय घातलंस यात?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं नाही गं हे. ओलं लागतंय."

म्हणजे आता हातसुद्धा गेला. पाढे गेले, हात गेला. अलकनंदाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या आणि शेगडीच्या चार काळ्या बटणांकडे बघत राहिल्या. रविवारी साठ माणसं जेवायला बसणार. साठ घसे.

शनिवारी वृंदाला सुट्टी. दुपारी ती बाजारातून आली, पिशव्या खाली टाकल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. दोन मिनिटांत परत बाहेर.

"आई! गॅसची बटणं कहाँ गयी? चारही नाहीत! कोण नेणार यार बटणं?"

अलकनंदाबाई बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर पोळ्यांचा डबा. डब्याच्या झाकणावर दोन्ही हात.

"मी काढली."

"तुम्ही? का?"

"तुम्ही काढण्याआधी मीच काढली." आवाज फुटला. "अविनाशला बॅगेतून न्यावी लागू नयेत म्हणून. त्याची बॅग आधीच जड असते."

वृंदा तिथंच जमिनीवर बसली. तिला काही कळेना, पण डबा उघडला तर फडक्यात गुंडाळलेली चार बटणं दिसली आणि गुरुग्रामच्या मावशी आठवल्या. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. एकोणीस मिनिटं. चौदा पाढे. राजम्याचे दाणे. सैल झालेले उंडे. सांगता सांगता अलकनंदाबाई तिचा हात असा धरून बसल्या होत्या की बांगडीची खूण उमटली.

वृंदानं "काही होत नाही, आई" असं म्हटलं नाही. ती म्हणाली, "उठा. टेस्ट करू."

"कसली?"

"तुमची. नीट, कंपनीत करतो तशी. तुम्ही बोला, मी फोनवर रेकॉर्ड करते. टायमर माझ्याकडे राहील, तुम्ही बघायचं नाही. आणि हळू नाही, फास्ट नाही. जसं रोज ओट्याशी म्हणता तसंच."

"आणि त्यात निघालं तर?"

"तर निघालं. सोमवारी मी सुट्टी घेईन, आपण डॉक्टरकडे जाऊ. पण निघायच्या आधी बटणं काढायची नाहीत. यह भी कोई बात हुई?"

अलकनंदाबाईंनी स्वयंपाकघरात येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. बे एके बे. पहिले चार पाढे आवाज कापत होता. सहाच्या पाढ्याला तो सरळ झाला. पंधरापर्यंत बाईंचं अंग सैल पडलं आणि बावीस-तेविसाला तर त्या कुठे उभ्या आहेत हेच विसरल्या. तिसावर श्वास घेतला, उतरल्या. बे दाहे वीस.

"एकोणीस मिनिटं चार सेकंद," वृंदा म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले. "बघ."

"बघते ना. थांबा."

मग जे झालं त्याला दीड तास लागला. वृंदानं रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यांनी लावलं, कागदावर आकडे मांडले, फोनच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केले. तिला मराठी आकडे पन्नासापर्यंत कसेबसे येत. दर दोन मिनिटांनी प्रश्न. "एकोणसत्तर म्हणजे? साठ-नऊ की सत्तर-नऊ?" "शहाण्णव? छियानबे ना?" अलकनंदाबाई भीतभीत उत्तर देत होत्या, जणू आकडा मराठीत समजावून सांगणं हेही परीक्षेतच धरलेलं आहे.

शेवटी वृंदानं पेन खाली ठेवलं.

"अठ्ठावन्न. सगळेच्या सगळे आहेत, आई. एकही गाळला नाही."

बाईंना तिच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी दिसत होतं.

"एक चूक आहे," वृंदा म्हणाली. "अठ्ठावीस नवे. तुम्ही दोनशे बासष्ट म्हणता. दोनशे बावन्न पाहिजे. चढताना पण, उतरताना पण."

अलकनंदाबाईंनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जिभेवर बासष्टच आलं, अगदी सहज, लहानपणापासून ओळखीचं असल्यासारखं. मास्तरांनी हे ऐकलं असतं तर? की मास्तरांनीच... नाही. "हे कधीपासून?"

"मला काय माहीत?" वृंदा खरं तेच म्हणाली. "कालपासून असेल, शाळेपासून असेल. ते सांगता येणार नाही. पण एक सांगा, मंगळवारी किती वेळ आला होता?"

बाईंनी कॅलेंडर आणून मागचं पान दाखवलं. वृंदानं बोट ठेवून वाचलं.

"एकोणीस. अठरा पंचावन्न. एकोणीस सात. आज एकोणीस चार. आई, विसरणारं माणूस रोज इतकं मोजून विसरत नाही. मशीनपण एवढं सेम नाही देत. आमच्याकडे दहा टायमर येतात, त्यात तीन याहून वाईट असतात."

"मग सहा मिनिटं?"

"तेच. आम्ही काहीही टेस्ट केलं ना, तर बॉस पहिला प्रश्न विचारतो, रेफरन्स काय? म्हणजे कशाशी ताडून बघितलं? तुम्ही एकोणीस कशाशी ताडलं? पंचवीसशी. पण हे पंचवीस कुणी मोजलं होतं?"

"यांनी. तीनदा मोजलंय."

"बाबांनी."

"हो."

सासू-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेरच्या खोलीत पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. तेच पान परत उलटलं.

"आणि काल पंचवीस मिनिटं ठेवलं, तर वड्या बिघडल्या," वृंदा हळूच म्हणाली. "तर मग..."

"अहो!" अलकनंदाबाईंनी हाक मारली. ती हाक बल्लभगढपर्यंत ऐकू गेली म्हणतात. अण्णासाहेबांपर्यंत जायला मात्र तिला वेळ लागला. ते आले ते चष्मा शोधत, जो डोळ्यांवरच होता.

"तुम्ही माझे पाढे कधी मोजले होते?"

"झाली आता त्याला वर्षं! लग्न झालं त्याच साली. तू ओट्याशी, मी दारात, हातात घड्याळ. आठवत नाही तुला?"

"आठवतंय. तुम्ही दारात उभे होतात आणि घड्याळाकडे बघत होतात. किती भरली?"

"पंचवीस."

"बाबा," वृंदा म्हणाली, "आईंनी गॅसची बटणं काढून डब्यात ठेवली होती. चंद्रप्रभामावशींसारखं होतंय म्हणून. पाच दिवस घाबरून बसल्यात."

अण्णासाहेबांनी डब्याकडे पाहिलं. मग बायकोच्या हातांकडे. ते स्टुलावर बसले.

"घड्याळ बंद होतं," ते म्हणाले.

"काय?"

"किल्ली द्यायची राहिली होती. तू एवढ्या विश्वासानं विचारलंस, किती झाली? नवी नवी बायको. बंद आहे म्हणून कसं सांगायचं? मी वड्यांच्या कडा खायला आलो होतो गं, घड्याळ नुसतंच हातात होतं. काहीतरी आकडा सांगायला हवा होता. पंचवीस बरा वाटला. भरल्यासारखा."

"आणि दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा?"

"ती मंडळात वाढत गेली."

अलकनंदाबाईंच्या अंगातून पाच दिवसांची भीती उतरू लागली. सगळी नाही, अठ्ठावीस नवेपाशी थोडी अडकून राहिली, ती बहुधा राहणारच होती. पण पाय जमिनीला लागले. सेहेचाळीस वर्षं त्या एकोणीस मिनिटांतच अळू शिजवत आल्या होत्या आणि एकाचाही घसा खाजला नव्हता. मग त्यांच्या मनात दुसरं काहीतरी उगवलं. घरात न मोजलेलं एवढंच होतं का? सेहेचाळीस वर्षांत या माणसानं ज्या ज्या गोष्टी सांगितल्या आणि आपण धरून चाललो, त्यातल्या किती बंद घड्याळावरच्या होत्या?

त्यांनी वृंदाच्या हातातला टायमर घेतला.

"तुम्ही पार्कात सांगता ना, मी प्राणायामात श्वास दोन मिनिटं रोखून धरतो?"

"अगं, ते सकाळचं. रिकाम्या पोटी."

"दुपारी काही खाल्लेलं नाही तुम्ही. वृंदा, बटणं लाव बाळा, चहा टाक. अहो, सरळ बसा. नाक धरा."

"अलका..."

"धरा नाक."

वृंदानं शेगडीच्या खुंटीवर एकेक बटण दाबून बसवलं. अलकनंदाबाईंनी मिनिटांचं बटण दोनदा दाबलं, टायमर अण्णासाहेबांच्या डोळ्यांसमोर फ्रिजला खटकन चिकटवला आणि सुरू केला. आकडे उतरू लागले. अण्णासाहेबांचे गाल फुगले, मग कान लाल झाले, मग त्यांचे डोळे त्या पांढऱ्या डबीवर असे खिळले, जसे पाच दिवस त्यांच्या बायकोचे खिळले होते. एक मिनिट एकतीस उरलेलं असताना त्यांनी नाक सोडलं आणि धापा टाकत विचारलं, "हे बंद कसं करतात?"